भारतीय सॉफ्टवेअर उद्योगातील अजाईल कार्यपद्धती

सॉफ्टवेअर लहान लहान टप्प्यांत, ग्राहकाच्या सततच्या सहभागाने आणि बदल स्वीकारत तयार करण्याच्या रीतीला अजाईल कार्यपद्धती असे म्हणतात. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगातील अजाईल कार्यपद्धती म्हणजे भारतातील कंपन्यांनी स्वतःच्या परिस्थितीला अनुसरून केलेले या पद्धतीचे रूपांतर होय. ही पद्धत अमेरिकेत उदयास आली तेव्हा ग्राहक आणि अभियंते एकाच खोलीत बसून काम करतील असे तिचे गृहीतक होते. भारतीय उद्योग मात्र हजारो किलोमीटर दूरच्या ग्राहकासाठी, ठरलेल्या करारानुसार आणि काटेकोर लेखी प्रक्रियांच्या आधारे काम करण्यावर उभा राहिला होता. या दोन गोष्टींचा मेळ घालताना कामाच्या वेळा, करारांचे स्वरूप, संघांची रचना आणि वरिष्ठ-कनिष्ठ संबंध यांत जे बदल करावे लागले, त्यांचा आढावा या लेखात घेतला आहे.

संज्ञा

'अजाईल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ चपळ किंवा चटकन वळू शकणारा असा आहे. मराठीत 'चपळ कार्यपद्धती' असा प्रतिशब्द योजता येतो. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात मूळ शब्दच रूढ आहे. 'चपळ' म्हणजे केवळ 'वेगवान' नव्हे, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. या पद्धतीत वेगापेक्षा दिशा बदलण्याच्या क्षमतेला अधिक महत्त्व आहे.

या लेखात पुढील संज्ञा वारंवार येतात :

* स्प्रिंट – कामाचे ठरावीक मुदतीचे आवर्तन. ते एक महिन्याहून मोठे नसते. दोन आठवड्यांचे आवर्तन विशेष प्रचलित आहे.
* बॅकलॉग – करावयाच्या कामांची प्राधान्यक्रमाने लावलेली यादी.
* प्रॉडक्ट ओनर – ग्राहकाच्या वतीने हा प्राधान्यक्रम ठरवणारी व्यक्ती.
* स्क्रम मास्टर – संघाच्या कामातील अडथळे दूर करणारी आणि पद्धतीचे पालन होते की नाही हे पाहणारी व्यक्ती.
* दैनिक स्क्रम किंवा स्टँड-अप – संघाची रोजची, जास्तीत जास्त १५ मिनिटांची बैठक.
* रेट्रोस्पेक्टिव्ह – स्प्रिंटच्या अखेरीस संघाने स्वतःच्या कामाचे केलेले परीक्षण.

मूळ संकल्पना

सॉफ्टवेअरनिर्मितीच्या पारंपरिक पद्धतीला 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा पद्धती, असे म्हणतात. गरजांची नोंद, आराखडा, प्रत्यक्ष लेखन, चाचणी आणि हस्तांतर हे टप्पे तीत एकामागून एक येतात आणि पाणी जसे वर चढत नाही, तसे मागच्या टप्प्यावर सहसा परतता येत नाही. विन्स्टन रॉइस यांचा १९७० मधील शोधनिबंध या पद्धतीचे मूळ म्हणून सांगितला जातो. परंतु अशा सरळ क्रमाने काम करणे जोखमीचे आहे, असा इशारा खुद्द रॉइस यांनीच त्यात दिला होता.

१९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी नव्या उत्पादनांच्या निर्मितीविषयीच्या लेखात रग्बी खेळाची उपमा वापरली. संपूर्ण संघ चेंडू पुढे-मागे देत एकत्रितपणे मैदान पार करतो, त्याप्रमाणे काम व्हावे असा त्यांचा विचार होता. 'स्क्रम' हे नाव याच खेळातून आले. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये स्क्रम पद्धतीची औपचारिक मांडणी केली. त्याच दशकात केंट बेक यांनी 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही पद्धत विकसित केली.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी अजाईल जाहीरनामा प्रसिद्ध केला. प्रक्रिया व साधनांपेक्षा माणसे व त्यांच्यातील संवाद, सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, करारावरील वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, अशी चार मूल्ये या जाहीरनाम्यात आहेत. त्याला १२ तत्त्वांची जोड आहे. व्यवसायातील माणसांनी आणि अभियंत्यांनी रोज एकत्र काम करावे, तसेच समोरासमोरचे संभाषण हे माहिती पोहोचवण्याचे सर्वांत परिणामकारक साधन मानावे, ही त्यांपैकी दोन तत्त्वे भारताच्या दृष्टीने विशेष अडचणीची ठरली.

पार्श्वभूमी : भारतीय उद्योगाची घडण

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली, तर इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली. प्रारंभीच्या काळात भारतीय अभियंते परदेशात ग्राहकाच्या कार्यालयात जाऊन काम करीत. १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या शासकीय संस्थेमार्फत उपग्रहाद्वारे वेगवान दळणवळण उपलब्ध झाले आणि भारतात बसून परदेशातील काम करणे सुकर झाले. २००० या वर्षाशी संबंधित संगणकीय दोष दुरुस्त करण्याच्या जागतिक निकडीमुळे या व्यवसायाचा मोठा विस्तार झाला.

या व्यवसायाच्या रचनेला धबधबा पद्धती सोयीची होती. तिच्यातील टप्पे स्वतंत्र असल्यामुळे गरजांची नोंद आणि आराखडा हे काम ग्राहकाच्या देशात, तर लेखन आणि चाचणी हे काम भारतात अशी विभागणी सहज करता येई. दोन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे लेखी दस्तऐवज. ग्राहकाने मान्यतेची सही केलेला हा दस्तऐवज कामाचा आधार असे आणि वाद उद्भवल्यास पुरावाही असे.

दूरच्या ग्राहकाचा विश्वास मिळवण्यासाठी भारतीय कंपन्यांनी गुणवत्तेच्या प्रमाणपत्रांचा मार्ग स्वीकारला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सीएमएम या प्रतिमानात संस्थेच्या परिपक्वतेच्या पाच पातळ्या होत्या. पाचवी पातळी गाठणाऱ्या जगातील आरंभीच्या संस्थांमध्ये बंगळूरु येथील मोटोरोला कंपनीच्या केंद्राचा समावेश होता. पुढे अनेक भारतीय कंपन्यांनी ही पातळी गाठली. परिणामी मोजमाप, नोंदी, तपासण्या आणि ठरलेली प्रक्रिया हीच भारतीय उद्योगाची ओळख बनली. ज्या वर्षांत ही ओळख पक्की झाली, नेमक्या त्याच वर्षांत प्रक्रियेपेक्षा माणसांना अधिक मान देणारा जाहीरनामा प्रसिद्ध झाला.

प्रसार

आरंभीचे प्रयोग

अमेरिकेतील थॉटवर्क्स या कंपनीने २००१ मध्ये बंगळूरु येथे केंद्र उघडले आणि दूरस्थ संघांसह अजाईल पद्धतीने काम करण्याचा प्रयोग केला. कंपनीतील मार्टिन फाउलर हे जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्या १७ जणांपैकी एक होते. या अनुभवावर त्यांनी लिहिलेला निबंध या विषयावरील महत्त्वाचा आरंभीचा दस्तऐवज मानला जातो. दोन्ही ठिकाणच्या अभियंत्यांनी आलटूनपालटून एकमेकांकडे काही महिने 'राजदूत' म्हणून राहावे, दोन्हीकडचे काम सतत एकत्र जोडून तपासावे आणि एका ठिकाणी आराखडा व दुसरीकडे चाचणी अशी विभागणी न करता एकेका संघाकडे एकेक वैशिष्ट्य संपूर्णपणे सोपवावे, असे त्यांनी सुचवले. अंतरामुळे नेहमीपेक्षा अधिक दस्तऐवज लागतील, हेही त्यांनी मान्य केले. जाहीरनाम्याच्या एका कर्त्यानेच दिलेली ही सवलत म्हणजे पद्धतीच्या रूपांतराचा आरंभ म्हणता येईल.

दुसरे बहुचर्चित उदाहरण नेदरलँड्समधील प्रोरेल या रेल्वे-पायाभूत सुविधा संस्थेचे आहे. प्रवाशांना माहिती देणाऱ्या प्रणालीचे काम आधीच्या पारंपरिक पद्धतीच्या प्रयत्नात पूर्ण होऊ शकले नव्हते. ते झेबिया या कंपनीच्या डच आणि भारतीय अभियंत्यांनी स्क्रम पद्धतीने केले. भारतीय सदस्य प्रथम नेदरलँड्समध्ये राहिले, काही स्प्रिंट सर्वांनी एकत्र पार पाडले आणि त्यानंतर संघाचा अर्धा भाग भारतात परतला. परंतु संघ आणि कामांची यादी एकच राहिली. या प्रकल्पाविषयीचा शोधनिबंध २००८ मध्ये सादर झाला. सदरलँड हे त्याच्या लेखकांपैकी एक होते.

याच दशकात अजाईल सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या परिषदांमुळे विविध कंपन्यांतील अभियंत्यांना अनुभवांची देवाणघेवाण करण्याचे व्यासपीठ मिळाले.

मोठ्या कंपन्यांचा स्वीकार

मोठ्या कंपन्यांपुढील मुख्य प्रश्न प्रमाणपत्रांचा होता. २००८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने सीएमएमआय आणि अजाईल या दोहोंचा एकत्र अवलंब करता येतो, असे प्रतिपादन करणारी टिप्पणी प्रसिद्ध केली. २०१० मध्ये आलेल्या सीएमएमआयच्या १.३ या आवृत्तीत अजाईल पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी स्पष्टीकरणे जोडण्यात आली. यामुळे जुनी प्रतिष्ठा न गमावता नवी पद्धत स्वीकारणे शक्य झाले.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० पर्यंत संपूर्णपणे अजाईल होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. एकाच जागी बसणे ही अजाईलची पूर्वअट नाही, या भूमिकेतून कंपनीने 'लोकेशन इंडिपेंडंट अजाईल' नावाची स्वतःची पद्धत विकसित केली.

जागतिक क्षमता केंद्रे

परदेशी कंपन्यांनी भारतात काढलेल्या स्वतःच्या केंद्रांना जागतिक क्षमता केंद्रे म्हणतात. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे असून त्यांत सुमारे १९ लाख कर्मचारी होते. या केंद्रांत ग्राहक आणि पुरवठादार असा करार आड येत नाही. उत्पादनाची जबाबदारी भारतातील केंद्राकडे असेल, तेथे प्रॉडक्ट ओनरही भारतातच असतो आणि जाहीरनाम्याला अभिप्रेत असलेला दैनंदिन सहवास शक्य होतो. महाराष्ट्रात पुण्याच्या हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा या भागांत अशी केंद्रे एकवटलेली आहेत.

रूपांतराचे स्वरूप

वेळेचे नियोजन

भारतीय प्रमाणवेळ वर्षभर एकच असते, तर अमेरिका आणि युरोपातील बहुतेक भागांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्यामुळे भारताची वेळ न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. लंडनच्या बाबतीत हे अंतर अनुक्रमे साडेचार आणि साडेपाच तासांचे, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत साडेबारा आणि साडेतेरा तासांचे आहे.

न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेआठला होणारी दैनिक बैठक भारतात उन्हाळ्यात सायंकाळी ६ वाजता आणि हिवाळ्यात ७ वाजता येते. सॅन फ्रान्सिस्कोची सकाळी ८ वाजताची बैठक भारतात रात्री साडेआठ किंवा साडेनऊ वाजता येते. कागदावर १५ मिनिटांची असलेली बैठक त्यामुळे भारतीय अभियंत्याची संपूर्ण संध्याकाळ व्यापते. यावर तीन उपाय प्रचलित आहेत : भारतातील संघाने सकाळी स्वतंत्र बैठक घेऊन सायंकाळच्या बैठकीस एकच प्रतिनिधी पाठवणे, गैरसोयीची वेळ दोन्ही देशांनी आळीपाळीने स्वीकारणे किंवा बैठकीऐवजी लेखी नोंद ठेवणे. यांपैकी दुसरा उपाय सर्वांत न्याय्य असला, तरी तो अमलात येणे ग्राहकाच्या तयारीवर अवलंबून असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कायदेशीर बाजूही आहे. दुकाने आणि आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर काम देण्यासाठी त्यांची संमती आवश्यक असून संरक्षण आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था करण्याचे दायित्व आस्थापनेवर आहे.

ग्राहकाचा प्रतिनिधी

प्रत्यक्ष ग्राहक रोज उपलब्ध नसल्यामुळे भारतातील व्यवसाय-विश्लेषक किंवा अनुभवी अभियंता त्याच्या वतीने प्रश्नांची उत्तरे देतो. यास 'प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर' असे म्हणतात. या व्यवस्थेमुळे काम थांबत नाही. परंतु प्रतिनिधीला निर्णयाचा अधिकार नसेल, तर त्याचे उत्तर म्हणजे केवळ अंदाज ठरतो आणि स्प्रिंटच्या अखेरीस केलेले काम पुन्हा करावे लागते.

न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया विद्यापीठात संशोधन करताना रशिना होडा यांनी न्यूझीलंड आणि भारतातील २३ संस्थांमधील ५८ व्यावसायिकांचा अभ्यास केला. ग्राहकाचा अपुरा सहभाग ही त्यांना आढळलेली एक ठळक अडचण होती. काही संघ ग्राहकाला न कळवता अंतर्गत पातळीवर अजाईल पद्धत वापरतात, असेही त्यांना दिसून आले. स्वयंसंघटित संघांत अनौपचारिकपणे निर्माण होणाऱ्या सहा भूमिकाही त्यांनी नोंदवल्या. ग्राहकाची व्यावसायिक भाषा आणि अभियंत्यांची तांत्रिक भाषा यांच्यात दुवा साधणारा 'अनुवादक' ही त्यांपैकी एक आहे.

करार

निश्चित किमतीच्या करारात काम, मुदत आणि किंमत या तिन्ही गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. अजाईल पद्धतीत मुदत आणि खर्च स्थिर ठेवून कामाची व्याप्ती बदलती ठेवणे अपेक्षित असते. कराराने बांधलेला पुरवठादार बदलाकडे संधी म्हणून न पाहता तोटा म्हणून पाहतो. प्रत्येक बदलासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी किंमत, अशी पद्धत त्यातून रूढ झाली.

हा पेच सोडवण्यासाठी वेळेनुसार मोबदला परंतु खर्चावर कमाल मर्यादा, प्रत्येक स्प्रिंटसाठी ठरावीक रक्कम, किंवा संघाची क्षमता ठरावीक काळासाठी विकत घेणे असे मिश्र करार पुढे आले. समान आकाराचे जुने काम काढून त्या जागी नवे काम विनामूल्य घेण्याची मुभा हेही काही करारांचे वैशिष्ट्य असते.

संघरचना

भारतीय सेवा कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी असते. तळाशी मोठ्या संख्येने नवोदित पदवीधर, मध्ये संघप्रमुख आणि शिखरावर थोडे अनुभवी व्यवस्थापक असतात. नवोदितांच्या कमी वेतनावर व्यवसायाचे गणित अवलंबून असते. याउलट स्क्रममध्ये साधारणतः १० किंवा त्याहून कमी सदस्यांचा, आपल्या कामाचे निर्णय स्वतः घेणारा संघ अपेक्षित आहे आणि त्यात पदांची उतरंड नाही. व्यवहारात अनेक ठिकाणी जुन्या प्रकल्पव्यवस्थापकालाच स्क्रम मास्टर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी कामे वाटून देण्याचा आणि वार्षिक मूल्यमापनाचा अधिकार त्याच्याकडेच राहिला, तर संघ स्वयंसंघटित होत नाही.

नवोदितांना सामावून घेण्यासाठी जोडीने आज्ञावली लिहिण्याची पद्धत उपयुक्त ठरते. अनुभवी आणि नवा अभियंता एकाच संगणकावर बसून काम करतात. त्यामुळे शिकणे आणि तपासणे एकाच वेळी घडते. मात्र दोघांच्या वेळेचे एकाच कामासाठी शुल्क आकारावे लागते, म्हणून ग्राहक तिला सहज संमती देत नाहीत.

सांस्कृतिक पैलू

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांच्या सत्ता-अंतर निर्देशांकात भारताचे गुण ७७, तर अमेरिकेचे ४० आहेत. वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातील विषमता समाज कितपत स्वाभाविक मानतो, हे या निर्देशांकाने दाखवले जाते. भारतीय संघांच्या अडचणी सांगताना या आकड्यांचा वारंवार आधार घेतला जातो. तथापि ही मूळ पाहणी १९६७ ते १९७३ या काळात एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांमध्ये झालेली असल्याने संपूर्ण देशाच्या स्वभावाविषयी तीवरून निष्कर्ष काढण्यास अनेक अभ्यासकांचा आक्षेप आहे.

ही अडचण प्रत्यक्षात दोन ठिकाणी जाणवते. पहिले ठिकाण म्हणजे कामाचा अंदाज. कामाला किती वेळ लागेल हे संघानेच सांगावे, असा अजाईलचा आग्रह आहे. परंतु वरिष्ठ किंवा ग्राहक समोर असताना 'हे या मुदतीत होणार नाही' असे म्हणणे नवोदिताला अवघड जाते. 'होईल' किंवा 'प्रयत्न करतो' या उत्तराचा अर्थ ऐकणारा होकार असा घेतो, तर बोलणाऱ्याच्या मनात तो सौम्य नकार असतो. सर्वांनी आपापला अंदाज पत्त्यांवर लिहून एकाच वेळी उघड करण्याची 'प्लॅनिंग पोकर' ही रीत येथे उपयोगी पडते, कारण त्यामुळे वरिष्ठाचे मत आधी कळत नाही आणि नवोदिताला स्वतःचा आकडा मांडावाच लागतो.

दुसरे ठिकाण म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह. चुका उघडपणे मांडणे हा या बैठकीचा प्राण आहे. तेथे बोललेल्या गोष्टींचा वार्षिक मूल्यमापनात उपयोग होईल अशी शंका असेल, तर बैठक औपचारिक होते. म्हणून मते निनावी चिठ्ठ्यांद्वारे गोळा करणे आणि मूल्यमापन करणाऱ्या व्यवस्थापकाने या बैठकीस उपस्थित न राहणे, असे संकेत काही संघांनी पाळले.

शासकीय प्रकल्प

शासकीय संगणकीकरणाची कामे निविदांद्वारे दिली जातात. निविदेत सर्व गरजा आधीच नोंदवाव्या लागतात, आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची परंपरा आहे. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ही पद्धत पारदर्शक असली, तरी काम सुरू झाल्यावर गरज बदलल्यास मार्ग काढणे अवघड होते. कारण कराराबाहेरचा बदल मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे त्याचा जाब द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सल्लासेवांव्यतिरिक्तच्या काही खरेदीतही दराबरोबर गुणवत्तेला मर्यादित प्रमाणात गुण देण्याची मुभा दिली. केवळ कमी दरावरील भर त्यामुळे सौम्य होऊ शकतो. कामाची व्याप्ती आधीच गोठवण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

कोविड-१९ चा परिणाम

मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीनंतर उद्योगातील बहुतांश कर्मचारी घरून काम करू लागले. एकत्र बसण्यावर आधारलेली मूळ पद्धत जगभरच अडचणीत आली. भारतीय संघांना दूरस्थ ग्राहकाबरोबर काम करण्याची सवय होती. आता एकाच संघातील सदस्यही परस्परांपासून दूर गेले. या काळात ग्राहकही घरूनच काम करीत असल्याने 'मुख्य कार्यालय' आणि 'दूरचे केंद्र' हा भेद काही अंशी पुसट झाला. दुसरीकडे कामाच्या आणि घरच्या वेळेतील सीमारेषा अधिकच धूसर झाली आणि नवोदितांचे सहवासातून होणारे शिक्षण खुंटले.

टीका आणि मूल्यमापन

भारतातील अजाईलवर होणारी मुख्य टीका ही, की अनेक ठिकाणी तिचे विधी स्वीकारले गेले, तत्त्वे नव्हेत. दैनिक बैठक ही सहकाऱ्यांनी परस्परांशी करावयाची चर्चा असते. ती व्यवस्थापकाला हजेरी देण्याचा कार्यक्रम बनते. संघाने स्वतःच्या नियोजनासाठी ठेवलेल्या कामाच्या गतीच्या नोंदीचा उपयोग दोन संघांची तुलना करण्यासाठी केला जातो. मग संघ अंदाज फुगवून सांगू लागतात आणि आकडा वाढला तरी काम वाढत नाही. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना नोकरभरतीत दिले जाणारे महत्त्वही टीकेचा विषय झाले आहे. जुन्या प्रक्रिया-प्रमाणपत्रांची जागा नव्या प्रमाणपत्रांनी घेतली, असे टीकाकार म्हणतात.

ही टीका केवळ भारतापुरती मर्यादित नाही. जाहीरनाम्याच्या कर्त्यांपैकी काहींनी पाश्चात्त्य देशांतील अजाईलविषयीही अशीच नाराजी व्यक्त केली आहे.

दुसऱ्या मतानुसार भारतीय अनुभवाने मूळ पद्धतीतही भर घातली. एकाच खोलीची अट अपरिहार्य नाही, पुरेसे लेखन हे संवादाच्या विरोधात नसून अंतर असताना त्याला पूरक असते आणि परस्परविश्वासासाठी आरंभीचा प्रत्यक्ष सहवास उपयुक्त ठरतो, या गोष्टी आंतरखंडीय प्रकल्पांतून स्पष्ट झाल्या. भारतीय उद्योगातील यशस्वी रूपांतराची कसोटी बैठकांच्या संख्येत शोधता येत नाही. संघातील सर्वांत कनिष्ठ सदस्य मुदतीविषयी निःसंकोचपणे खरे बोलू शकतो का आणि ते ऐकून आराखडा बदलला जातो का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून ती अधिक स्पष्ट होते.

हेही पाहा

* सॉफ्टवेअर अभियांत्रिकी
* स्क्रम
* कानबान
* नॅसकॉम
* भारतातील माहिती तंत्रज्ञान उद्योग
* भारतीय प्रमाणवेळ